नादारीचा अर्ज कोणत्या कोर्टात?
(सभासदांसाठी कायद्याचा पाठ)



हंगाम संपून हिशेबाच्या चिठ्ठ्या घरोघर पोहोचल्या की गटकार्यालयात एक प्रश्न हमखास निघतो. कर्ज अंगावर आले आहे, फिटण्याचे लक्षण नाही, तेव्हा नादारीचा अर्ज करावा म्हणतो. पण तो करायचा कोठे? कोणी म्हणतो तहसीलीत, कोणी पुसदला, कोणी यवतमाळला. ज्याचा पुतण्या नागपूरला शिकतो तो नागपूर म्हणतो आणि वर्तमानपत्र वाचणारा मुंबई म्हणतो. गंमत अशी की तहसील सोडली तर यातले एकही नाव सर्वस्वी चुकीचे नाही. कर्जदार कोण आणि कर्ज कसले यावर ते अवलंबून आहे. चुकीच्या दारात उभे राहण्यात नुसता हेलपाटाच पडतो असे नाही, हक्काची तारीखही जाते. म्हणून हा विषय थोडा सविस्तर घेतला आहे.

प्रथम शब्दाचा घोळ निस्तरू. आपल्याकडे 'नादारी' हा शब्द तीन ठिकाणी वापरतात. पूर्वी शाळेत मुलाची फी माफ झाली की 'पोराला नादारी मिळाली' असे म्हणत. कोर्टात स्टँप फी भरण्याची ऐपत नसलेला मनुष्य फीशिवाय दावा चालविण्याची परवानगी मागतो, त्यालाही जुने वकील 'नादारीतला दावा' म्हणतात. आणि तिसरी ही आपली नादारी, म्हणजे दिवाळे. पहिल्या दोहोंत मनुष्य गरीब असल्याचे दाखवायचे असते. तिसरीत कोर्टाने हुकूम करून मनुष्याला नादार ठरवायचे, त्याची मिळकत ताब्यात घ्यायची, ती सर्व सावकारांत हिश्शाप्रमाणे वाटायची आणि अखेरीस त्याला उरलेल्या देण्यातून मोकळे करायचे, असा लांबचा प्रवास असतो. वकिलाकडे जाऊन नुसते 'नादारीचे कागद करा' म्हटले तर तो कोणते कागद करील याचा नेम नाही. तेव्हा 'नादार ठरवून घेण्याचा अर्ज' असे स्पष्ट सांगावे.

आता कायदा. शेतकरी, दुकानदार, वाहतूक ठेकेदार, मुकादम, नोकरदार, म्हणजे हाडामांसाचा कोणताही मनुष्य आपल्या जिल्ह्यात नादार व्हायचा तर तो १९२० च्या प्रांतिक नादारी अधिनियमाखाली. हा इंग्रजी अमदानीतला कायदा अजून जिवंत आहे हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. २०१६ साली केंद्राने दिवाळखोरीची नवी संहिता केली. तिने जुना कायदा रद्द होईल असे तिच्यात लिहिलेले आहे, परंतु व्यक्तींच्या नादारीचा भाग सामान्य कर्जदारांसाठी अजून अमलात आणलेला नाही. तो १ डिसेंबर २०१९ पासून फक्त एका वर्गाला लागू झाला: कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना. बाकीच्यांनी जुन्या कायद्याखालील न्यायालयातच जावे असा खुलासा केंद्र सरकारने २०१७ मध्ये केला होता. सबब, इंटरनेटवर वाचून 'आता सगळे नव्या संहितेत गेले' असे कोणी सांगितले तर मान डोलवू नये.

१९२० च्या कायद्याचे कलम ३ म्हणते की नादारीचे काम जिल्हा न्यायालयाचे. आपल्यासाठी म्हणजे यवतमाळचे जिल्हा न्यायालय. राज्य शासनाला अधिसूचना काढून एखाद्या वर्गाची प्रकरणे जिल्हा न्यायालयाखालील न्यायालयाला सोपविता येतात. म्हणून पुसद, दारव्हा, पांढरकवडा इकडच्या सभासदांनी अर्ज तयार करण्यापूर्वी जिल्हा न्यायालयाच्या कार्यालयात एकदा चौकशी करावी, की आपल्या तालुक्याचा असा अर्ज कोठे घेतात. ही चौकशी पाच मिनिटांची आहे. तहसीलदाराला मात्र यातला कोणताच अधिकार नाही. तहसीलीत दिलेला अर्ज आवक क्रमांक पडून पडूनच राहतो.

जिल्हा कोणता हे कलम ११ ठरविते. कर्जदार सामान्यतः जेथे राहतो, किंवा धंदा करतो, किंवा स्वतः राबून पोट भरतो, त्या भागावर ज्या न्यायालयाचा अधिकार चालतो तेथे अर्ज द्यावा. कर्जदार अटकेत असेल तर ज्या ठिकाणी अटकेत आहे तेथील न्यायालयही चालते. बस्स, एवढेच. यात शेत कोठे आहे हे विचारलेले नाही, कर्ज कोठे काढले हे विचारलेले नाही, बँकेचे मुख्य कार्यालय कोठे आहे हेही विचारलेले नाही. आपले लोक नेमके येथेच फसतात, म्हणून उदाहरणे घेऊ.

समजा घर उमरखेडला आणि ओलिताची शेती पैनगंगेपलीकडे हदगाव तालुक्यात. सातबारा नांदेड जिल्ह्याचा म्हणून नांदेडला धावण्याचे कारण नाही. राहणे उमरखेडचे, म्हणून न्यायालय यवतमाळचे. पलीकडचे शेतही मिळकतीच्या यादीत लिहावे लागेल, ते वेगळे. दुसरे उदाहरण: घर पुसद तालुक्यात आणि कृषी साहित्याचे दुकान वाशिमला. येथे राहणे एका जिल्ह्यात आणि धंदा दुसऱ्यात, तेव्हा दोन्ही न्यायालये चालतील. सोयीचे एक धरावे. दोन्हीकडे अर्ज टाकण्याची हुशारी करू नये. दोन ठिकाणी प्रकरणे चालू दिसली तर मिळकतीची वाटणी कोठे सोयीची होईल ते पाहून एक न्यायालय आपला हुकूम रद्द करू शकते किंवा काम थांबवू शकते, आणि खर्च दुप्पट होतो. तिसरे उदाहरण मुलांचे. मुलगा पाच वर्षे पुण्याला नोकरी करतो, रेशनकार्डावर नाव अजून गावचेच. कर्ज त्याचे आहे. 'सामान्यतः राहणे' म्हणजे कागदावर नाव असणे नव्हे, रोजचे राहणे. त्याचा अर्ज पुण्याला सरळ चालेल. यवतमाळला दिला तर सावकार पहिल्याच तारखेला हरकत घेईल. मुलगा मुंबई शहरात असेल तर कायदाही वेगळा लागतो. तेथे १९०९ चा इलाखा शहरांचा नादारी कायदा आहे आणि काम मुंबई उच्च न्यायालयात चालते.

ट्रॅक्टरच्या कर्जाचे एक विशेष सांगितले पाहिजे. वित्तपुरवठा कंपन्यांच्या छापील करारात बारीक अक्षरात एक ओळ असते, की सर्व वाद अमुक शहराच्या न्यायालयात चालतील. ते शहर मुंबई असते, कधी चेन्नई. आपला सभासद ती ओळ वाचून हाय खातो. 'मले आता मद्रासले जा लागते का?' असे एकाने गटसभेत विचारले होते. नादारीच्या अर्जासाठी जावे लागत नाही. न्यायालयाचा अधिकार कायद्याने ठरतो. ज्या न्यायालयाला कायद्याने अधिकार नाही त्याला दोघांच्या सह्यांनी तो देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ पासून सांगितले आहे. कंपनीने करारावर दावा किंवा लवाद कोठे चालवावा तो प्रश्न निराळा. नादारी ही एका कंपनीची आणि तुमची दोघांची भानगड नसते. तीत सगळे सावकार एका ताटाला बसतात, आणि ते ताट कर्जदाराच्या गावाजवळ मांडले जाते.

चुकीच्या न्यायालयात अर्ज गेला तर काय होते? न्यायाधीश तो योग्य ठिकाणी देण्यासाठी परत करतात. वरवर पाहता नुकसान नाही. पण कलम २८ मध्ये असे आहे की नादार ठरविण्याचा हुकूम कधीही झाला तरी त्याचा परिणाम अर्ज दाखल झाल्याच्या तारखेपासून धरला जातो. योग्य न्यायालयात दाखल झाल्याची तारीख हीच ती तारीख. मधल्या दोन-चार महिन्यांत एखाद्या सावकाराने जप्ती आणून मोटारपंप, मोटारसायकल लिलावात काढली असेल तर ती परत आणणे अवघड. आणि अर्जदार कर्जदार नसून सावकार असेल तर हानी याहून मोठी आहे. ते पुढे येईल.

उलट बाजूही सांगतो. ठिकाण चुकले अशी हरकत सावकाराला घ्यायची असेल तर ती त्याने त्याच न्यायालयात, अगदी सुरुवातीला घेतली पाहिजे. खाली गप्प बसून वरच्या न्यायालयात अपिलात ती काढता येत नाही. अपवाद एवढाच, की हरकत वेळेवर घेतलेली असून शिवाय ठिकाण चुकल्यामुळे खरोखर अन्याय झाला असला पाहिजे. म्हणजे थोड्या शंकेच्या प्रकरणात घाबरून जाऊ नये.

कर्जदाराने स्वतः अर्ज करायचा तर देणे फेडण्यास आपण असमर्थ आहोत हे लिहावे लागते. शिवाय मूळ कायद्याप्रमाणे देणे ५०० रुपये तरी असावे, किंवा पैशाच्या हुकूमनाम्यात अटक झालेली असावी, किंवा तशा हुकूमनाम्यात मिळकतीवर जप्ती चालू असावी. पाचशेचा आकडा १९२० चा आहे. त्या काळी त्यात बैलजोडी येऊन वर पैसे उरले असते. आज त्यात एक टन ऊससुद्धा येत नाही, तेव्हा ही अट कोणाला अडवीत नाही. अर्जात राहण्याचे ठिकाण, सर्व सावकारांची नावे, पत्ते व रकमा, सर्व मिळकतीची यादी व किंमत, ती न्यायालयाच्या हवाली करण्याची तयारी आणि यापूर्वी असा अर्ज केला होता काय, हे सर्व लिहून सत्यापन करावयाचे. 'सर्व' हा शब्द येथे खरोखर सर्व असाच वाचावा. भावाकडून घेतलेले हातउसने, किराणा दुकानाची उधारी, महिला बचत गटाचा हप्ता, कारखान्याकडील बियाणे-खताची उचल, हे सगळे आले पाहिजे. मिळकत लपविली किंवा खोटे हिशेब दिले तर एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे.

अर्ज देण्यापूर्वी शेत पत्नीच्या किंवा मेहुण्याच्या नावे करून टाकण्याचा सल्ला देणारे गावोगाव असतात. मोबदला न घेता केलेले असे हस्तांतर झाल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज आला आणि मनुष्य नादार ठरला तर ते हस्तांतर रद्द होऊ शकते. तसेच एका मर्जीतल्या सावकाराला आधी फेडून बाकीच्यांना हात हलवीत ठेवले, आणि तीन महिन्यांच्या आत अर्ज आला, तर तेही टिकत नाही. सल्ला देणारा त्या वेळी कोर्टात आपल्याबरोबर उभा नसतो.

हुकूम झाला म्हणजे मिळकत न्यायालयाकडे किंवा न्यायालयाने नेमलेल्या रिसीव्हरकडे जाते. त्यानंतर न्यायालयाच्या परवानगीशिवाय कोणा साध्या सावकाराला वसुलीचा दावा लावता येत नाही. मात्र दिवाणी संहितेच्या कलम ६० ने जे जप्तीतून वगळले आहे ते रिसीव्हरलाही मिळत नाही: शेतकऱ्याची शेतीची अवजारे, उपजीविकेला लागणारी गुरे व बी-बियाणे, तो राहतो ते घर, स्वयंपाकाची भांडी, अंगावरचे कपडे, अंथरूण-पांघरूण. शेतजमीन यात नाही, हे विसरू नये.

आपल्या शेअर्सचे काय, हा प्रश्न प्रत्येक सभासद विचारतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३१ ने त्याचे उत्तर सरळ दिले आहे. सभासदाचा संस्थेच्या भांडवलातील भाग किंवा हितसंबंध त्याच्या देण्यापोटी न्यायालयाच्या हुकुमाने जप्त किंवा विक्री होत नाही, आणि १९२० च्या कायद्याखालील रिसीव्हरलाही त्यावर हक्क सांगता येत नाही. संस्थेचे स्वतःचे येणे असेल तर ती गोष्ट निराळी, तो संस्थेचा आणि सभासदाचा आपसातला हिशेब आहे.

येथवर वाचून कोणाला वाटेल की मग उद्याच अर्ज टाकावा. थोडे थांबावे. ज्याच्याकडे तारण आहे त्या सावकाराचे हात नादारीने बांधले जात नाहीत. विकास सोसायटीचे पीककर्ज घेताना आपण इकरार करून देतो आणि त्याचा बोजा सातबाराच्या इतर हक्कांत चढतो. ट्रॅक्टर तर कर्जाला गहाणच असतो. आपल्या बहुसंख्य सभासदांचे मोठे देणे या दोन जातींचे. त्यांच्या बाबतीत नादारीचा हुकूम येऊनही सोसायटीची कलम १०१ च्या दाखल्याची वसुली आपल्या मार्गाने चालू राहू शकते. ज्याचे देणे मुख्यतः हातउसने, व्यापाऱ्याची उधारी आणि बिनतारणी कर्ज असे आहे त्याला या कायद्याचा खरा उपयोग. माझ्या मते वकिलाची फी देण्यापूर्वी एका कागदावर तारणी आणि बिनतारणी असे दोन रकाने पाडून बेरीज मारावी. डावीकडचा रकाना जड निघाला तर बँकेशी किंवा सोसायटीशी एकरकमी तडजोडीची बोलणी करणे अधिक फायद्याचे. सरकारी देणे, कपटाने केलेले देणे आणि पोटगी यांतून नादारीची मुक्तता मिळाली तरी सुटका नाही. चेक न वटल्याची फौजदारी केसही या हुकुमाने आपोआप थांबते असे समजू नये.

जामीनदारांनी तर हे लक्षात ठेवावेच. कर्जदार नादार होऊन मोकळा झाला तरी कलम ४४ प्रमाणे जामीन मोकळा होत नाही. ऊसतोड मुकादमाच्या उचलीला, वाहतूकदाराच्या ॲडव्हान्सला ज्यांनी सह्या दिल्या आहेत त्यांच्यावर सगळे येऊन पडते. मुकादम टोळी न आणता नाहीसा झाला की वसुलीचा कागद प्रथम जामीनदाराच्या दारी येतो, हा अनुभव काही नवा नाही.

मुक्तता आपोआप मिळत नाही, हेही येथेच सांगतो. नादार ठरविताना न्यायालय एक मुदत घालून देते. त्या मुदतीत मुक्ततेचा वेगळा अर्ज करावा लागतो. तो केला नाही तर मूळ हुकूमच रद्द होतो, आणि पुन्हा अर्ज करायला न्यायालयाची परवानगी लागते. पुष्कळ जण पहिला हुकूम हाती आला की काम झाले समजून घरी बसतात.

खाजगी सावकारीचे कर्ज असेल तर नादारीच्या आधी एक दुसरे दार ठोठावून पाहावे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवाना नसलेल्या सावकाराला न्यायालयातून हुकूमनामा मिळत नाही. व्याजापोटी सावकाराने शेत लिहून घेतले असेल तर १५ वर्षांपर्यंतचे व्यवहार तपासून ते परत देवविण्याचा अधिकार कलम १८ ने जिल्हा निबंधकाला, म्हणजे आपल्याकडे सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाला, दिला आहे. अर्ज तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयात देता येतो. येथे कोर्टच नाही, तेव्हा कोर्ट शोधण्याचा प्रश्नही नाही.

थोडा इतिहास. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुप्याला सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या आणि दंगा नगर जिल्ह्यातही पसरला. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला त्यात शेतकऱ्याला जवळच्या दुय्यम न्यायाधीशाकडे नादारी मागण्याची सोय होती. तो कायदा पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांसाठी केला होता. आपला जिल्हा तेव्हा वऱ्हाडात, इंग्रजांच्या ताब्यातील निजामाच्या मुलखात, म्हणून तो आपल्याला लागला नाही. मध्यप्रांत-वऱ्हाडात कर्जनिवारणाचा कायदा १९३९ साली आला, तोही त्या वेळच्या गरजेपुरता. पुढे महाराष्ट्राने १९७५ चा कर्जमुक्ती कायदा करून अल्पभूधारक, ग्रामीण कारागीर व मजुरांची सावकारी देणी पुसली, आणि सर्वोच्च न्यायालयाने तो १९७७ मध्ये उचलून धरला. २००८, २०१७ आणि २०१९ च्या कर्जमाफ्या आपल्या आठवणीतल्या आहेत. या सगळ्यांत शेतकऱ्याने वाट पाहायची असते. नादारीच्या अर्जात पाऊल स्वतः उचलायचे असते, बहुधा म्हणूनच तो कायदा आपल्याकडे अपरिचित राहिला. दुसरे कारण लाज. महागाव तालुक्यातील चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांचे आणि त्यांच्या कुटुंबाचे १९ मार्च १९८६ रोजी काय झाले ते या जिल्ह्यात कोणाला सांगावे लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच सांगितले आहे की केवळ फेडण्याची ऐपत नाही म्हणून प्रामाणिक कर्जदाराला दिवाणी तुरुंगात टाकता येत नाही. कायद्याच्या लेखी नादार आणि लबाड हे दोन वेगळे इसम आहेत.

आता उलटा प्रसंग. सभासद स्वतःच सावकार आहे, म्हणजे त्याचे पैसे दुसऱ्याकडे अडकले आहेत. व्यापाऱ्याने गावातला कापूस किंवा तूर उधारीवर नेली आणि दुकानाला कुलूप लावून तो परागंदा झाला, असे आपल्या भागात घडते. देणेकऱ्यांना चुकविण्यासाठी घर सोडून जाणे, मिळकत विकून टाकणे, पैसे देणे बंद केल्याची नोटीस देणे, ही कायद्याच्या भाषेत नादारीची कृत्ये आहेत. अशा कृत्यापासून तीन महिन्यांच्या आत सावकाराला कलम ९ खाली व्यापाऱ्याविरुद्ध अर्ज देता येतो. कित्येक शेतकऱ्यांनी एकत्र येऊनही देता येतो. येथे न्यायालय शेतकऱ्याच्या गावावरून ठरत नाही, व्यापाऱ्याच्या राहण्यावरून किंवा धंद्यावरून ठरते. त्याचा आडत धंदा दारव्ह्याला आणि राहणे अमरावतीला असेल तर यवतमाळ व अमरावती दोन्ही चालतील. मघाशी ज्या हानीचा उल्लेख केला ती ही. तीन महिने चुकीच्या न्यायालयात निघून गेले तर त्या कृत्यावरचा अर्जच बाद होतो. म्हणून दुकानाला कुलूप दिसले त्या दिवसाची तारीख वहीत लिहून ठेवावी, सौदापट्ट्या जपाव्यात आणि पोलीस ठाण्याबरोबरच वकिलाकडेही त्याच आठवड्यात जावे.

व्यापारी ही व्यक्ती किंवा भागीदारी पेढी असेल तरच हे. त्याच्या पावतीवर 'प्रायव्हेट लिमिटेड' असेल तर १९२० च्या कायद्याचे कलम ८ आडवे येते. नोंदलेल्या कंपनीविरुद्ध किंवा संस्थेविरुद्ध नादारीचा अर्ज चालतच नाही. तेथे २०१६ ची संहिता आणि राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण. त्याचे पीठ कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयावरून ठरते. कार्यालय महाराष्ट्रात असेल तर मुंबई. गोदाम वणीला असून उपयोग नाही. अर्ज करण्यासाठी थकबाकी किमान १ कोटी लागते, पण दुसऱ्या कोणी अर्ज केला आणि प्रकरण दाखल झाले तर लहान रकमेच्या धनकोलाही आपला दावा मांडता येतो. कंपनीच्या कर्जाला हमी देणाऱ्या व्यक्तींचे प्रकरणही कंपनीच्याच न्यायाधिकरणात जाते; नागपूरचे कर्जवसुली न्यायाधिकरण हे बँकांच्या वसुलीसाठी. बँकेने सरफेसी कायद्याखाली मिळकतीचा ताबा घेतला तर त्याविरुद्धचा अर्जही तेथेच, ४५ दिवसांच्या आत. शेतजमिनीच्या तारणाला तो कायदा लागत नाही, हे जाता जाता लिहून ठेवतो.

शेवटी कारखाना. आपल्या जिल्ह्यातील सभासदांनी चिमणी थंड पडलेली पाहिली आहे, म्हणून हे आडपडदा न ठेवता लिहितो. सहकारी साखर कारखाना अडचणीत आला तर त्याचे दिवाळे जिल्हा न्यायालयात निघत नाही आणि मुंबईच्या न्यायाधिकरणातही नाही. १९६० च्या अधिनियमाच्या कलम १०२ खाली निबंधक अवसायनाचा हुकूम करतात आणि कलम १०३ खाली अवसायक नेमतात. साखर कारखान्यांच्या बाबतीत निबंधकाचे अधिकार पुण्याच्या साखर आयुक्तांकडे आहेत. अंतिम हुकुमाविरुद्ध सभासदालासुद्धा दोन महिन्यांत अपील करता येते. कलम १०७ मुळे अवसायनाच्या बाबीत दिवाणी न्यायालयाला हात घालता येत नाही, आणि निबंधकाच्या परवानगीशिवाय कारखान्यावर दावा लावता येत नाही. ठेव अडकली म्हणून तालुक्याच्या कोर्टात दावा लावणाऱ्याची फी येथे बुडते. त्याने अवसायकाच्या नोटिशीतील मुदतीत आपला दावा त्याच्याकडे नोंदवावा.

उसाचे थकलेले बिल मात्र अवसायनापर्यंत थांबवू नये. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, नंतर १५ टक्के व्याज लागते. थकबाकी जमीन महसुलाप्रमाणे वसूल करण्याचा दाखला साखर आयुक्त काढतात आणि वसुली जिल्हाधिकारी करतात. तक्रार आयुक्तांकडे करावी. खाजगी कंपनीच्या कारखान्याला ऊस घातला असेल आणि ती कंपनी न्यायाधिकरणात गेली, तर वर्तमानपत्रात मराठीतही जाहीर सूचना येते. त्यात दिलेल्या तारखेच्या आत नेमलेल्या व्यावसायिकाकडे दावा पाठवावा. त्यासाठी मुंबईला जावे लागत नाही, दावा टपालाने किंवा ई-मेलनेही पाठविता येतो. सोबत वजनकाट्याच्या पावत्या, ऊस बिलाच्या चिठ्ठ्या, ऊस नोंदीचा उतारा आणि बँक पासबुकाची प्रत जोडावी.

वकील परवडत नसेल त्यांनी यवतमाळच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे जावे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे सभासद आणि ठरलेल्या मर्यादेखाली उत्पन्न असणारे यांना १९८७ च्या कायद्याने वकील मोफत मिळतो. फोनसाठी क्रमांक १५१०० आहे. जाताना सातबारा, आठ-अ, सोसायटीचा खातेउतारा आणि वर सांगितलेला दोन रकान्यांचा कागद बरोबर न्यावा.